३६०० गुणांचं इंजिन आणि अधिक-उण्याचा रकाना

बुद्धिबळाच्या इंजिनांची कुठलीही रेटिंग यादी उघडा. डावीकडे क्रमांक, मग इंजिनाचं नाव, मग चार आकडी रेटिंग. बहुतेकांची नजर इथेच थांबते आणि गप्पांचा निकाल लागतो: ‘अमुक इंजिन तमुकपेक्षा आठ गुणांनी भारी!’ त्याच ओळीत जरा उजवीकडे अधिक आणि उणे या चिन्हांचे दोन अरुंद रकाने असतात. मला विचाराल तर यादी वाचायची ती तिथून. आघाडी आठ गुणांची आणि शेजारी अधिक-उणे पंधरा, असं दिसलं की वाद संपला. पहिला कोण, हे त्या यादीलाच अजून ठरलेलं दिसत नाही.

‘सीसीआरएल’, ‘सीईजीटी’, स्वीडनची ‘एसएसडीएफ’ या याद्या चालवणारी माणसं हौशी आहेत. स्वतःचे संगणक, स्वतःचं वीजबिल आणि वर्षानुवर्षांचा वेळ घालून त्यांनी डाव खेळवले आहेत. सीसीआरएलच्या यादीत तर बरेचदा क्रमांकच ‘२ ते ४’ असा छापलेला असतो. इतका सरळपणा भल्याभल्या क्रमवाऱ्यांत सापडत नाही. म्हणून ‘या याद्यांवर विश्वास ठेवायचा का?’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठाम असतं: ठेवायचा, पण त्या जे सांगतात तेवढ्यावरच.

नाणं उडवून बघा

अगदी बरोबरीची दोन इंजिनं घ्या. त्यांच्यात १०० डाव लावा आणि सोयीसाठी धरा, की प्रत्येक डावाचा निकाल लागतो, बरोबरी होतच नाही. निकाल बरोबर ५०-५० लागण्याची शक्यता किती? जेमतेम ८ टक्के. उलट एकानं दुसऱ्याला ५५-४५ किंवा त्याहून मोठ्या फरकानं हरवण्याची शक्यता आहे सदतीस टक्क्यांच्या आसपास. ५५-४५ म्हणजे रेटिंगच्या भाषेत ३५ गुणांची आघाडी. म्हणजे तीनातल्या एका वेळी तरी नुसत्या योगायोगानं एक इंजिन ३५ गुणांनी ‘भारी’ ठरणार.

मग डाव वाढवा. पण इथे गणित वर्गमुळाचं आहे आणि ते कंजूष आहे: अनिश्चितता निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. बरोबऱ्या नसतील तर १०० डावांत अधिक-उणे ७०, १,००० डावांत साधारण २२, १०,००० डावांत ७. बरोबऱ्या जितक्या जास्त तितका हा पट्टा अरुंद होतो, तरी चाल तीच. दोन-तीन गुणांचा फरक खरा की खोटा हे सांगायला दहा-दहा हजार डाव पुरत नाहीत, हे एकदा मनात बसलं की यादीच्या माथ्यावरची बरीचशी चुरस विरून जाते.

एका डावाची फायनल

फेब्रुवारी २०१९. ‘टीसीईसी’ या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेचा चौदावा हंगाम. अंतिम सामना स्टॉकफिश विरुद्ध लीला, १०० डावांचा. निकाल ५०.५-४९.५! स्टॉकफिशचे विजय १०, लीलाचे ९, बरोबऱ्या ८१. रेटिंगमध्ये मांडलं तर फरक साडेतीन गुणांचा आणि अनिश्चितता अधिक-उणे तीसच्या घरात. करंडक स्टॉकफिशचा, यात शंका नाही. स्पर्धा जिंकणं ही वेगळी गोष्ट आहे. पण ‘स्टॉकफिश लीलापेक्षा ताकदवान’ हे वाक्य त्या सामन्यानं सिद्ध केलेलं नव्हतं. पुढच्याच हंगामात लीला ५३.५-४६.५ अशी जिंकली.

१९९७ साली डीप ब्लूनं कास्पारोव्हला ३.५-२.५ असं हरवलं, तो सामना तर सहाच डावांचा. इतिहास घडला, यंत्राचं रेटिंग मात्र त्यातून काढता येत नाही. अनिश्चितता दोनशे गुणांच्याही पुढे जाते.

एलो हे आडनाव आहे

कित्येकजण एलो हा शब्द एखाद्या लांबलचक नावाची आद्याक्षरं असावीत असं समजतात. ते आडनाव आहे. अर्पाद एलो जन्मानं हंगेरियन, लहानपणी अमेरिकेत गेले, मिल्वॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत आणि विस्कॉन्सिन राज्याचं बुद्धिबळाचं अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा जिंकलं. त्यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघानं १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली.

भौतिकशास्त्राचा माणूस असल्यामुळे मोजमापाच्या मर्यादा ते ओळखून होते. खवळलेल्या पाण्यावर हेलकावणारं बूच, आणि त्याची जागा मोजायला वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेली मोजपट्टी, अशी उपमा त्यांनी रेटिंगच्या मोजमापाला दिली होती. ज्यानं पद्धत घडवली त्यानंच असं म्हटलं आहे. दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवरून भांडण्याआधी ते बूच डोळ्यांपुढे आणावं.

गंमत म्हणजे आजच्या याद्यांमागचं गणित एलोंच्याही आधीचं आहे. संचसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेले जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९२९ मध्येच बुद्धिबळ स्पर्धांचे निकाल पाहून खेळाडूंची ताकद काढण्याची रीत मांडली होती. १९५२ मध्ये ब्रॅडली आणि टेरी या दोघांनी तीच कल्पना नव्यानं मांडली. ‘बेझएलो’, ‘ऑर्डो’ यांसारखी इंजिनांच्या याद्या बनवणारी सॉफ्टवेअरं आतून याच घराण्यातली. आणि हो, चॅटबॉटांची एकमेकांशी झुंज लावून बनवलेल्या ज्या क्रमवाऱ्या हल्ली बातम्यांत झळकतात, त्याही याच कुळातल्या. बुद्धिबळवाल्यांनी अधिक-उण्यावर घातलेले वाद आता त्या प्रांतात पहिल्यापासून सुरू झाले आहेत.

कार्लसन २८८२, स्टॉकफिश ३६००. मग?

मग काहीच नाही! कार्लसन या खेळाडूचा हा उच्चांक आणि स्टॉकफिशचा आकडा एका मापपट्टीवरचे नाहीत. रेटिंग ही उंची किंवा वजनासारखी एकट्याची गोष्ट नाही. ते नातं आहे. फरक ४०० चा असेल तर अपेक्षा दहास एक, १०० चा असेल तर शंभरातले ६४ गुण, एवढंच ते सांगतं, आणि तेही एकमेकांशी खेळणाऱ्या एका गटापुरतं. इंजिनं इंजिनांशी खेळतात, माणसं माणसांशी. दोन तळी वेगळी, पाण्याची पातळी वेगळी. स्टॉकफिश कुठल्याही माणसाला हरवेल यात वाद नाही. पण ‘७१८ गुणांनी’ हा आकडा कुणी मोजलेला नाही.

बंद तळ्यात पातळी किती वर चढू शकते, याचं सगळ्यात अफलातून उदाहरण यंत्रांचं नाही, माणसाचं आहे. क्लॉड ब्लडगुड हा अमेरिकेत व्हर्जिनियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगणारा कैदी. तुरुंगातल्याच इतर कैद्यांशी तो हजारो डाव खेळला. बाहेरचं कुणी त्या गटात येत नव्हतं, त्यामुळे गुण आतल्या आत फिरत आणि त्याच्याकडे साठत राहिले. १९९६ मध्ये त्याचं अमेरिकी रेटिंग २७०० च्या वर गेलं आणि यादीत तो देशात दुसरा आला. खेळाडू बरा होता, पण देशात दुसरा? मुळीच नाही. तरी नियमांनुसार तो आकडा बिनचूक होता.

स्वीडनच्या मंडळींनी हे तळं माणसांच्या तळ्याशी जोडायचा मनापासून प्रयत्न केला होता. १९८७ ते १९९१ या काळात त्यांनी संगणकांना स्वीडिश खेळाडूंविरुद्ध शेकडो डाव खेळवले आणि त्यावरून आपली पट्टी बसवली. पुढे यंत्रं भराभर वर गेली, माणसांशी डाव कमी होत गेले आणि यादी फुगल्यासारखी दिसू लागली. मग २००० साली त्यांनी अख्खी यादीच १०० गुणांनी खाली आणली. रात्रीतून सगळी इंजिनं १०० गुणांनी ‘कमजोर’ झाली, आणि एकाही सामन्याचा अंदाज बदलला नाही, कारण सगळ्यांमधलं अंतर तेवढंच राहिलं.

हे यंत्रांपुरतंच घडतं असं मानू नका. १ मार्च २०२४ रोजी फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्या खेळाडूंची रेटिंग वर उचलली. २००० ला जितके गुण कमी, त्याचे ४० टक्के बहाल. १००० वाला १४०० झाला, १५०० वाला १७०० झाला. पुण्या-नागपूर-कोल्हापुरात रेटिंग स्पर्धा खेळणाऱ्या कितीतरी मुलामुलींचा आकडा एका सकाळी शेकड्यानं वाढला. खेळ आदल्या दिवशीचाच होता.

फोनवरचा ग्रँडमास्टर

दोन तळी जोडणारी थोडी उदाहरणं आहेत, त्यातलं हे मला सगळ्यात आवडतं. २००९ मध्ये ब्युनोस आयर्समधल्या मर्कोसुर चषक स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हे इंजिन एका मोबाइल फोनवरून माणसांशी खेळलं. दहा डावांत साडेनऊ गुण, कामगिरीचं रेटिंग २८९८! तेही सेकंदाला सुमारे वीस हजारच स्थिती तपासून. डीप ब्लू सेकंदाला वीस कोटींच्या आसपास तपासत असे. अर्थात दहा डाव म्हणजे दहाच डाव. २८९८ च्या शेजारी अधिक-उण्याचा रकाना छापला असता तर तो चांगलाच रुंद निघाला असता.

इंजिन कुणाचं, यंत्र कुणाचं?

युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या ‘बेल’ या बुद्धिबळयंत्राला स्वतःशीच लढवलं. एक बेल चार चाली खोल बघणारी, दुसरी पाच, तिसरी सहा. खोली एका चालीनं वाढली की ताकद दोनशेच्या आसपास गुणांनी वाढते, असं दिसलं. पुढच्या प्रयोगांत खोली वाढेल तसा हा फायदा आटत जातो, हेही कळलं. म्हणजेच वेगवान यंत्र हे फुकटचे गुण आहेत, आणि किती फुकटचे ते घड्याळावर ठरतं.

म्हणून शहाणी यादी यंत्र ठरवून घेते. एसएसडीएफच्या यादीत इंजिनाच्या नावाला यंत्राचं नाव चिकटलेलं असतं आणि तेच इंजिन जुन्या व नव्या यंत्रावर दोन वेगळ्या ओळींत दिसतं. सीसीआरएलनं दुसरी वाट धरली: एक संदर्भ-यंत्र नक्की करायचं, आणि ज्याच्या घरी वेगळा संगणक असेल त्यानं वेग मोजून घड्याळ त्या प्रमाणात कमी-जास्त करायचं. त्यांच्या मोठ्या यादीत ४० चालींना १५ मिनिटं, पण ती मिनिटं ‘इंटेल आय७-४७७०के’ या प्रोसेसरची. झटपट डावांची यादी वेगळी, फिशर रँडम या बुद्धिबळप्रकाराची वेगळी. एकाच इंजिनाचा क्रमांक या याद्यांत बदलू शकतो, आणि त्यात कुणाचीही चूक नसते. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

जुन्या काळी तर हे काम हातानं चालायचं. एसएसडीएफचे स्वयंसेवक पट असलेली दोन बुद्धिबळयंत्रं शेजारी मांडून बसत. एकाची चाल दुसऱ्याच्या पटावर करायची, उत्तराची वाट बघायची, ते पहिल्याच्या पटावर करायचं. वेळही स्पर्धेचा, ४० चालींना दोन तास. त्या याद्यांतला एकेक डाव कुणाच्या तरी सुटीच्या दिवसाचा आहे.

लीलानं मात्र हा हिशेबच विस्कटला. स्टॉकफिश संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतं, लीलाचं न्यूरल नेटवर्क ग्राफिक्स कार्डावर. किती जाडीचं कार्ड किती कोअरच्या प्रोसेसरइतकं? याला शास्त्रशुद्ध उत्तर नाही. किंमत बघा, विजेचा खप बघा, कुठलंही एक माप निवडा. निवडलेलं माप रेटिंगमध्ये उतरणारच.

अल्फाझीरोचे ते शंभर डाव

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीनं जाहीर केलं, की आपल्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमनं स्टॉकफिश ८ ला १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या आणि शून्य पराभव असं नमवलं. जग थक्क झालं, आणि व्हावंच असा तो खेळ होता. ६४-३६ म्हणजे १०० गुणांचा फरक, अधिक-उणे साधारण ३३. शून्य पराभव ऐकून वाटतो त्यापेक्षा फरक लहान आहे, पण योगायोगाच्या पलीकडचा आहे.

आक्षेप आले ते अटींवर. स्टॉकफिशला ६४ थ्रेड दिले, पण स्मृतीसाठी हॅश टेबल फक्त एक जीबी. प्रत्येक चालीला ठरीव एक मिनिट, त्यामुळे कठीण जागी जास्त वेळ घेण्याचं स्टॉकफिशचं कसब वाया गेलं. स्टॉकफिशचे एक मूळ कर्ते टॉर्ड रोमस्टाड यांनी हे उघडपणे सांगितलं. डीपमाइंडनं २०१८ मध्ये हजार डावांचा नवा सामना प्रसिद्ध केला: १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबऱ्या. काढा हिशेब: ५७.५ टक्के गुण, म्हणजे पन्नासहून थोडा जास्त फरक. १०० चे निम्मे! श्रेष्ठत्व टिकलं, आकडा टिकला नाही. आक्षेप घेणाऱ्यांचं तेव्हा ‘हरलेले रडतात’ म्हणून हसं झालं, ते मला अजिबात पटलं नव्हतं.

तिरकी सुरुवात

अव्वल इंजिनं आता सुरुवातीच्या स्थितीतून खेळली तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मग फरक मोजायचा कसा? उपाय मोठा चतुर आहे: डाव मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंगपासून सुरू करायचा आणि तोच डाव रंग बदलून पुन्हा खेळायचा. दोन्ही वेळा पांढरं जिंकलं तर हिशेब चुकता. एकानं पांढऱ्यानं जिंकून काळ्यानं बरोबरी वाचवली, तर त्याची सरशी.

यामुळे फरक स्पष्ट दिसतो, पण तो मोठाही दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टॉकफिश १७ आलं तेव्हा स्टॉकफिश १६ पेक्षा ४६ गुणांपर्यंत वाढ जाहीर झाली. ते खोटं नव्हतं. ते तिरक्या ओपनिंगवरचं माप होतं. तोल राखणाऱ्या ओपनिंगवर याच दोन आवृत्त्या लढवा, अंतर कितीतरी आकसेल. आकडा वाचताना सोबत ओपनिंगचा संच वाचावा लागतो.

प्रतिस्पर्धी कोण, हेही तितकंच महत्त्वाचं. इंजिनात ‘कंटेम्प्ट’ नावाची एक सोय असायची: समोरचा कमजोर आहे असं गृहीत धरून बरोबरी टाळायची, धोका पत्करायचा. दुबळ्यांनी भरलेल्या यादीत याचे गुण वाढतात. तुल्यबळापुढे तीच सवय अंगाशी येऊ शकते.

यादीत कोण बसणार?

इथे गणित थांबतं आणि माणसांचा निवाडा सुरू होतो. वासिक रायलिक यांचं रिब्का २००५ च्या अखेरीस आलं आणि काही वर्षं याद्यांच्या माथ्यावर होतं. २०११ मध्ये इंजिनांच्या जागतिक स्पर्धा घेणाऱ्या संस्थेनं दुसऱ्यांचा कोड वापरल्याचा ठपका ठेवून त्याची २००७ ते २०१० ची विजेतेपदं काढून घेतली. ‘फॅट फ्रिट्झ २’ हे २०२१ मध्ये विकायला आलं, ते मुळात स्टॉकफिशवर बेतलेलं होतं. स्टॉकफिशच्या मंडळींनी जर्मनीत दावा लावला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. अशी जुळी भावंडं यादीत शिरली, की रेटिंगचं गणितही बिघडतं: दहा ‘वेगवेगळे’ प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात एकाच डोक्याचे असतात आणि विविधता कागदावरच राहते. कुणाला यादीत घ्यायचं याबद्दल कडक असणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे.

निलगिरीतला एक अपघात

स्टॉकफिशची रोजची परीक्षा ‘फिशटेस्ट’वर होते. गॅरी लिन्स्कॉट यांनी २०१३ मध्ये ती उभी केली. जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक देतात, कुणीही कोडमधला बदल सुचवतो, आणि नवी आवृत्ती जुनीशी हजारो डाव खेळते. बहुतेक बदल नापास होतात. किती डावांनी थांबायचं, हे आधी ठरवत नाहीत. प्रत्येक निकालागणिक पुरावा तोलला जातो आणि काटा पुरेसा झुकला की चाचणी थांबते.

ही थांबण्याची रीत अब्राहम वाल्ड यांची. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याची तपासणी कमी नमुन्यांत उरकावी म्हणून त्यांनी ती कोलंबिया विद्यापीठात शोधली. परतलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोकं नाहीत तिथेच चिलखत घाला, असं सांगणारे संख्याशास्त्रज्ञ म्हणून अनेकांना ते माहीत असतील. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी आले असताना, डिसेंबर १९५० मध्ये एअर इंडियाचं विमान निलगिरीच्या डोंगरात कोसळलं. त्यात ते आणि त्यांची पत्नी, दोघांचाही मृत्यू झाला. जगातलं सगळ्यात बलाढ्य बुद्धिबळ इंजिन आज ज्या तराजूत तोललं जातं, त्या तराजूचा कर्ता आपल्याच डोंगरात गेला.

घरी करून बघा

‘क्यूट चेस’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात कुठलंही साधं इंजिन भरा, त्याचीच दुसरी प्रत भरा, एकीला ‘अ’ म्हणा आणि दुसरीला ‘ब’. चालीला सेकंदाचा एखादा अंश द्या, ओपनिंगचा एक संच जोडा, १०० डाव लावा आणि झोपा. सकाळी अ आणि ब यांच्यात फरक दिसला, तर तो कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. पुढच्या वेळी यादीत तेवढ्याच फरकानं कुणी पहिलं आलेलं दिसलं, की आधी तो कागद बघा.